स्मारकावर नाव उस्मानचं

कोकणातला माणूस गाव सोडून बाहेर पडतो तो लग्नाला, बाराव्याला नाहीतर कोर्टाच्या तारखेला. मी गेल्या जानेवारीत रजा टाकून घाट चढले ती एक मग पोचवायला. पांढऱ्या इनॅमलचा, कडेला निळी रेघ असलेला, दोन ठिकाणी टवके उडालेला फौजी मग. साहेबांनी रजेच्या अर्जावर कारण वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

माझे वडील फौजेत हवालदार होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जमिनीत पेरलेले सुरुंग शोधून काढणं हे त्यांच्या तुकडीचं काम. एकाहत्तरच्या लढाईत त्या तुकडीत शिरूर तालुक्यातला एक जवान होता, उस्मान मुलाणी. उस्मान तिथेच राहिला. दादा परत आले, ते त्याचा मग घेऊन. "यंदा जाऊन त्याच्या घरी देऊन येतो," असं ते दर वर्षी म्हणायचे, पण अठ्ठावीस वर्षांत ते 'यंदा' काही उजाडलं नाही. सुरुंगाला न घाबरलेला माणूस एका आईच्या दारात उभा राहायला घाबरत होता. त्या जानेवारीआधीच्या आषाढात त्यांनी शेवटचं अंथरूण धरलं तेव्हा तो मग माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "त्यांना सांग, त्या दिवशी पुढे जायची पाळी माझी होती. उस्मान म्हणाला, साहेब, तुम्हाला घरी पोरगी आहे, मी होतो पुढे."

ती पोरगी म्हणजे मी. आता सांगा, मी जाणार नाही तर कोण जाणार?

मगाच्या बुडाला खिळ्याने कोरलेला एक 'ह' होता. दादा म्हणायचे, "लबाडाने हवालदाराचा मग ढापला असेल." त्यापलीकडे त्या अक्षराचा विचार आमच्या घरात कुणी केला नव्हता.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदवहीवर बसते. प्रत्येक नोंद पडताळायची, खाली 'तपासले' लिहायचं आणि सही ठोकायची, यात माझी अर्धी हयात गेली. खोटी नोंद मला वासावरून कळते असं कचेरीत म्हणतात. तरीही या लेखात गावाचं नाव मी लिहिलेलं नाही आणि माणसांची नावं बदललेली आहेत. का, ते पुढे कळेलच.

२४ जानेवारी, दौंड

दौंडला माझी मावसबहीण सुमन राहते. तिचे यजमान रेल्वेत. स्टेशनवर उतरले आणि थंडीने दात वाजायला लागले. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक चादर जास्त. इथे सुमनच्या दारात शेकोटी आणि तिच्याभोवती अख्खी आळी. सकाळी जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा. मी सवयीने विचारलं, "भात कधी?" सुमन म्हणाली, "भात शेवटाला, तोंड पुसाय." पंचवीस वर्षांत तिची भाषा पार घाटावरची झालेली आहे.

दुपारी तिने मला जवळच्या एका गावात गुऱ्हाळ दाखवायला नेलं. काहिलीतला ताजा गूळ भाजलेल्या शेंगदाण्याबरोबर खाल्ला आणि जीभ चांगलीच भाजून घेतली. हावरटपणाची शिक्षा. पाणी मागायला चावडीपाशी गेलो तर तिथल्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली. अक्षरं इंग्रजी. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. चौदा सालच्या लढाईनंतर, ज्या गावांनी माणसं दिली त्यांतल्या पुष्कळ गावांत इंग्रज सरकारने अशा पाट्या लावल्या होत्या, हे मी वाचलं होतं. पाटी पाहिली मात्र तेव्हाच. दर दिवाळीला चावडीबरोबर तिलाही चुना लागत गेल्याने आकडे बुजून गेले होते.

कट्ट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांना मी विचारलं, "कोण कोण गेलं होतं हो गावातून?"

"काय म्हाईत!" आबा म्हणाले. "माझा चुलता हुता त्यात, म्हनत्यात. पर नाव कुठाय? विंग्रजानं डोकी मोजली, नावं न्हाई इचारली."

मी पर्समधून कात्रण काढलं आणि आबांना वाचून दाखवलं. पुण्यात नुकतंच उभं राहिलेलं राष्ट्रीय युद्धस्मारक लोकांनी वर्गणी काढून बांधलेलं आहे आणि स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत कामी आलेल्या महाराष्ट्रातल्या जवानांची नावं तिथे दगडात कोरलेली आहेत, अशी ती बातमी होती. दादांनी ती कापून जपून ठेवली होती, स्वतः मात्र कधी गेले नाहीत.

"नावं हायती?" आबांनी दोनदा विचारलं. "मग बरं केलं. नाव पायजे. डोकी काय, मेंढरांची बी मोजत्यात."

मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, लोकांचा. ज्यांची डोकी मोजली गेली त्यांच्याच नातवंडांनी वर्गणी काढून नावं कोरून घेतली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

२५ जानेवारी, शिरूर आणि घोडनदीकाठ

चौफुल्यावरून शिरूरची एसटी धरली. उतरायचं होतं न्हावऱ्याला, पण उन्हाची तिरीप तोंडावर आली आणि डोळा लागला. कंडक्टरने हलवलं तेव्हा गाडी शिरूर डेपोत. "बाई, न्हावरं कवाच गेलं." आता आलेच आहे तर म्हणून बाजार समितीच्या आवारात एक चक्कर मारली. कांद्याचे ढीग असे की आमच्याकडे एवढे जांभ्याचे दगडही एका जागी दिसायचे नाहीत. कांद्याच्या वासाने डोळे चुरचुरले. वरून तिखटजाळ मिसळ खाल्ली आणि वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये अंग चोरून, इनामगावच्या बाजूचा रस्ता धरून घोडनदीकाठच्या त्या गावात पोचले. इनामगावला हजारो वर्षांपूर्वीची वस्ती खणून काढलेली आहे हे आमच्या पाठ्यपुस्तकात होतं. शेजारच्या बाईंना मी ते उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय, खापरं निघत्यात. आमच्या बी रानात निघत्यात." विषय संपला.

गावात स्टँडसमोरच्या दुकानात विचारलं, "शहीद उस्मान मुलाणी यांचं घर कुठे?"

दुकानदाराने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सरकारी मानूस का?"

"नाही. ते माझ्या वडिलांच्या तुकडीत होते."

त्याने समोरच्या पत्र्याच्या शेडकडे बोट केलं. शेडमध्ये पंचावन्नच्या घरातला एक माणूस मांडी घालून विहिरीवरच्या मोटरीत तांब्याची तार भरत बसला होता. डोक्याला जाळीची टोपी, बोटं ग्रीसने काळी.

"उस्मान मुलाणी यांचं घर...?"

"बोला की ताई. मीच उस्मान मुलाणी."

मला वाटलं, नावाचा गोंधळ आहे. म्हटलं, "तुम्ही नव्हे. जे एकाहत्तरला वारले ते."

तो माणूस तार गुंडाळता गुंडाळता थांबला. "ते बी मीच," तो म्हणाला.

मृत्यूच्या नोंदी करण्यात जन्म गेला माझा, पण मयत माणसाने मला "पाणी घ्या" म्हणण्याची ही पहिलीच वेळ! मी पाणी प्यायले आणि पिशवीतून मग काढून त्यांच्यापुढे ठेवला.

उस्मानभाईंनी तो उचलला, उलटा केला आणि बुडावरच्या 'ह'वर अंगठा ठेवला. तसाच धरून बसले. मग आत हाक मारली, "फातिमा, भाईर ये. हबीबचा मग आलाय."

हबीब त्यांचा धाकटा भाऊ. त्रेसष्ट साली, चीनची लढाई होऊन गेल्यावर, भरती निघाली तेव्हा उस्मान अठरा पुरा होता आणि सातवी पास होता. निघायचं ठरलं, आणि ऐन वेळी वडील आडवे आले. थोरला गेला तर घर कुणी चालवायचं? हबीब सोळाचा. फौजेच्या वेडाने झपाटलेला. उंच, छाती भरलेली, पण वय आडवं येणार.

"दाखला मीच दिला त्याला," उस्मानभाई म्हणाले. "माझा. म्हणलं, जा, आजपास्नं तू उस्मान. तवा लई जन असंच जायचे, कुनी भावाच्या दाखल्यावर, कुनी चुलतभावाच्या. आम्हाला त्यात वंगाळ वाटलंच न्हाई. आन् आठ वर्सांनी तार आली. अब्बाला वाचता येत न्हवतं. मी वाचली. माझ्याच तोंडानं वाचली, ताई, उस्मान गेला म्हनून."

फातिमाभाभी पदराने डोळे पुसत होत्या. मी दादांचा निरोप सांगितला. पाळी माझ्या वडिलांची होती आणि तो पुढे झाला, मी त्यांची ती मुलगी, असं सगळं एका दमात सांगून टाकलं, नाहीतर मला बोलताच आलं नसतं.

उस्मानभाईंनी मग खाली ठेवला. मला वाटलं, आता रागावतील. रागावायचा हक्क होता त्यांचा. पण ते रडता रडता हसले. "ल्हानपनापास्नं त्याची खोडच ती. दुसऱ्याच्या जाग्यावर जाऊन बसायचं."

मी नेलेली आमसुलं भाभींच्या हातात दिली. सुकामेवा समजून त्यांनी एक तोंडात टाकलं आणि असा चेहरा केला की आम्ही तिघंही हसलो. फार बरं वाटलं त्या हसण्याने.

२६ जानेवारी, त्याच गावात

कारगिलनंतरची पहिली सव्वीस जानेवारी. गावात उत्साह दांडगा. प्रभातफेरी शेडवरून गेली तेव्हा मुलं घसा फोडून ओरडत होती, "शहीद उस्मान मुलाणी!" आणि रस्त्याकडेला उभे असलेले उस्मानभाई मूठ वर करून सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "अमर रहे!"

गावातल्या मोठ्या माणसांपैकी कुणीही हसलं नाही. शाळेत झेंडावंदनानंतर गणवेशातल्या हबीबच्या फोटोला हार घातला गेला. फोटोखाली नाव उस्मानचं. हार सरपंचांनी घातला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या उस्मानभाईंनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारच्या आप्पांना हळूच विचारलं, "गावाला माहीत आहे?"

"समद्यांना," आप्पा म्हणाले. "पर भाईर कुनी बोलत न्हाई. खोट्या दाखल्यावर गेलता असं वर कळलं आन् नाव खोडलं तर? आमच्या गावचं येकच नाव हाय पुन्याच्या स्मारकावर." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तुमी बी बोलू नका."

मराठ्यांचं, माळ्यांचं, मुलाण्यांचं अख्खं गाव एका पोराचं नाव अठ्ठावीस वर्षं दातांखाली धरून बसलेलं. आमच्याकडे बांधाला कुणी खुंटी ठोकली तर संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळतं. या गावाचा मला हेवा वाटला.

दुपारी उस्मानभाईंच्या रानात हुरडा होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली ज्वारीची कणसं तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. मला चोळायची सवय नाही, हात लालभडक झाले. भाभी मलाच चोळून देऊ लागल्या. पण माझ्यातली कारकून स्वस्थ बसेना.

"उस्मानभाई," मी म्हटलं, "मी अर्ज लिहून देते. शाळेचा उतारा, दोन साक्षीदार, प्रतिज्ञापत्र. हबीबचं नाव लागलं पाहिजे. माणूस मेला एक आणि नोंद दुसऱ्याची, हे मला बघवत नाही."

"आन् खोडलं तर? तुमी जामीन ऱ्हाताल?"

मी कशी जामीन राहणार? नोंदी दुरुस्त होताना कशा नाहीशा होतात, ते माझ्याइतकं कुणाला माहीत!

"शाळेचा उतारा म्हनता," ते हुरडा चोळत म्हणाले. "काय हाय त्यात ठावं हाय का? हबीब मुलाणी, सतत गैरहजर, सबब नाव कमी केलं. बास. माझ्या भावाचं सरकारदरबारी एवढंच हाय. फौजेत गेला म्हनून गैरहजर, आन् त्याचं नाव कमी." त्यांनी चोळलेले दाणे माझ्या ओंजळीत टाकले. "अम्मी मरताना म्हनली, हबीब म्हनून येकदा तरी कुनी हाक मारा रे त्याला, भाईर, चारचौघांत. म्या न्हाई मारली. भ्यालो."

तेवढीच एक गोष्ट त्यांना हवी होती, आणि तेवढीच त्यांना करता येत नव्हती. मी विचारलं, स्मारकावर कधी गेला होता का? नव्हते गेले. वर्गणीला मात्र हात आखडला नव्हता. "जिता मानूस आपल्याच नावाम्होरं कसा हुबा ऱ्हानार, ताई?"

"मी येते बरोबर," मी म्हटलं. "माझे दादाही कधी गेले नाहीत. दोन भित्र्यांच्या वतीने आपण दोघं जाऊ."

भाभी म्हणाल्या, "जावा. हबीबचा मग बी न्या."

२७ जानेवारी, पुणे

सकाळच्या गाडीने निघालो. उस्मानभाईंनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि साबणाने घासूनसुद्धा बोटांचं काळं गेलं नव्हतं. रस्ताभर ते मग मांडीवर घेऊन बसले.

स्मारक घोरपडीच्या बाजूला, लष्करी भागात. बाहेर रिक्षांचा कलकलाट, आत शिरलं की आपोआप आवाज खाली येतो. मधोमध उंच स्तंभ, भोवती दगडात कोरलेली नावं. कुणी सातारचा, कुणी कोल्हापूरचा, कुणी बुलढाण्याचा. जोशी, जाधव, कांबळे, शेख, डिसोझा. हे कुणा राजाने बांधलेलं नाही की इंग्रजाने. मुलांनी खाऊचे पैसे दिले, पेन्शनरांनी दिले, आमच्या मोटरवाल्याने दिले. चावडीतल्या त्या पाटीपासून इथपर्यंत यायला आपल्याला ऐंशी वर्षं लागली. माझी छाती भरून आली, लपवत नाही.

नाव मला आधी दिसलं. वाचायची सवय! मी बोट दाखवलं आणि मागे सरले.

उस्मान मुलाणी.

उस्मान मुलाणी त्याच्यासमोर उभे राहिले. टोपी सारखी केली, हबीबचा मग पायाशी ठेवला, दोन्ही हात पसरून फातिहा पढले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग काळ्या बोटांनी त्यांनी आपलं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत चाचपलं.

"मी भीत हुतो, हितं आल्यावर मेल्यागत वाटंल," ते म्हणाले. "तसं न्हाई वाटत. शोभतंय की त्याला. माझं नाव माझ्यापेक्षा त्यालाच शोभतंय. ऱ्हाऊ द्या, ताई. अर्ज नको."

मी मान हलवली. गेल्या दोन रात्री अर्जाचा मसुदा माझ्या डोक्यात तयार होता. तो मी तिथेच सोडून दिला.

निघताना दाराशी टेबलावर भेट देणाऱ्यांची वही होती. गणवेशातला तरुण जवान म्हणाला, "चाचा, नाम लिखिए. गाव का नाम भी."

उस्मानभाईंनी पेन घेतलं. वहीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि सावकाश, शाळकरी वळणदार अक्षरात लिहिलं: हबीब मुलाणी. पुढे गावाचं नाव.

जवानाने वही आपल्याकडे फिरवली आणि मोठ्याने वाचलं, "हबीब मुलाणी?"

आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले. उस्मानभाई ताठ उभे राहिले. छाती पुढे, टाचा जुळलेल्या, फौजेत कधी न गेलेल्या माणसाच्या. "जी," ते म्हणाले.

"धन्यवाद, हबीबचाचा. यहाँ अभिप्राय."

शेवटच्या रकान्यात लोकांनी काय काय लिहिलं होतं. जय हिंद, गर्व वाटला, सुंदर व्यवस्था. उस्मानभाईंनी वही पुन्हा आपल्याकडे ओढली आणि तिथे एकच शब्द लिहिला: हजर.

मग पेन माझ्याकडे दिलं. माझ्या डोळ्यांदेखत खोटी नोंद झाली होती. मी खालच्या ओळीत माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात इतकी वर्षं रोज लिहीत आले तेच लिहिलं, 'तपासले', आणि सही केली.